टोमॅटोत काय भरायचं?

यज्ञेश्वर रेंदाळकरांनी गच्चीवर टोमॅटो लावले तेव्हा त्यांची अपेक्षा अगदी माफक होती. कोशिंबिरीपुरता एखादा टोमॅटो मिळावा, आणि तो तोडताना रस्त्यावरून कुणीतरी मान वर करून बघावं. हयातभर शाळेत व्याकरण शिकवलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर कुणी मान वर करून बघत नाही, ही त्यांची खंत होती. पण टोमॅटोला माफक अपेक्षा वगैरे काही कळत नाही. त्याला पाणी, ऊन आणि शेणखत कळतं, आणि या तिन्ही गोष्टी रेंदाळकर सरांनी इतक्या मन लावून घातल्या की कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या त्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर टोमॅटोंचं जणू बंड झालं.

पहिल्या आठवड्यात घरात सार झालं. मग चटणी झाली. मग टोमॅटोचं भरीत, टोमॅटोचं ऑम्लेट, टोमॅटोची भजी, आणि एकदा तर पाहुण्यांना कळणार नाही अशा बेताने टोमॅटोचा शिरा. उरलेले टोमॅटो सर पिशव्या भरभरून शेजारीपाजारी वाटायचे. सुरुवातीला लोक 'अरे वा' म्हणत. पुढे पुढे सरांच्या हातात पिशवी दिसली की जिन्यातली दारं हळूच लागायला लागली. सरांना वाटायचं, वारा आहे.

शेवटी पूर्णिमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गॅसचं बटण बंद केलं आणि जाहीर केलं, "आता बास. ह्या घरात हितनं पुढं टोमॅटो शिजणार न्हाय. खायचा तर कच्चा खावा, न्हायतर कपाळाला चोळा."

पूर्णिमाबाई मूळच्या मुरगूडच्या. त्यांचं वाक्य एकदा पूर्ण झालं की त्याला उत्तर नसतं, हे सरांनी संसाराच्या सुरुवातीलाच शिकून घेतलं होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात जिन्याखाली नोटीस लागली. 'गच्चीवरील कुंड्यांमुळे अध्यक्षांचे हॉलमध्ये ओल येत असलेने सदर कुंड्या हटविणेबाबत रविवारचे वार्षिक सभेत ठराव घेणेत येईल.' सरांनी नोटीस वाचली, खिशातून लाल पेन काढलं, 'असलेने'चं 'असल्याने' केलं, 'हटविणेबाबत' आणि 'घेणेत' दुरुस्त केले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही नोटीस आपल्याच कुंड्यांबद्दल आहे.

तोपर्यंत अध्यक्ष गणपतराव पाठीमागे येऊन उभे राहिले होते.

गणपतराव म्हणजे सहा फूट माणूस. तरुणपणी तालमीत घुमलेला, मिशी अजून त्याच जोरात. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे, आणि बोलायचे असे की तळमजल्यावर फोन लावायची गरज पडू नये.

"मास्तर," ते म्हणाले, "नोटिशीला मार्क किती पडलं?"

"नाही, ते सहज... शुद्धलेखन..."

"रविवारी बघू म्हणं शुद्धलेखन." आणि ते लाल खुणांची नोटीस काढून घेऊन वर निघून गेले.

सर घरी येऊन पंख्याखाली बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर रिकामी गच्ची आली. रोज सकाळी उठून जायचं कुठं, हा प्रश्न पहिल्यांदाच त्यांच्यापुढे इतक्या स्पष्टपणे उभा राहिला. शाळा सुटून बरीच वर्षं झाली होती. आता हातात होती ती एवढीच एक जागा, जिथं काहीतरी त्यांचं ऐकत होतं.

समोरच्या दाराचे शमशुद्दीन मुल्ला चहाला आले. त्यांचं मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान होतं, आणि जगातली कुठलीही अडचण नीट भरून, ताणून, शिवून टाकता येते असं त्यांचं मत होतं.

"सर, येवढं काय तोंड पाडून बसलाय? सभेला चा-नाष्टा असतोयच की. ह्या वक्ताला नाष्टा तुमचा. पोटात गेलं की हात वर येतोय."

"पण हिने गॅस बंद केला आहे. टोमॅटो शिजवायचे नाहीत."

"मग न शिजवता द्या! आत मसाला भरा, वर झाकण लावा. भरलं वांगं असतंय, तसा भरला टोमॅटो. कच्चा."

सरांचा चेहरा उजळला. मग लगेच त्यावर व्याकरणाची सावली आली. "कच्चा म्हणजे बघा हं, शमशुद्दीनभाई, यात दोन अर्थ संभवतात. न पिकलेला तो कच्चा आणि न शिजलेला तोही कच्चा. आपण नेमका कुठला..."

"सर, लाल हाय तो घ्या आणि भरा. अर्थ नंतर काढूया."

अशा रीतीने योजना ठरली. पण कोल्हापुरात एखाद्या पदार्थाची योजना दोघांत ठरत नसते. संध्याकाळपर्यंत ती साऱ्या इमारतीला समजली आणि प्रत्येकाला टोमॅटोत काय भरायचं ते आधीपासूनच माहीत होतं.

त्याआधी सेक्रेटरी आदर्शची परवानगी लागणार होती. आदर्श बँकेत अधिकारी होता आणि सोसायटीचे उपविधी त्याला पाठ होते. त्याने सरांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की अल्पोपहार या शब्दात चहा आणि बिस्किटं येतात, टोमॅटो येत नाही.

"पण का नाही?"

"सर, आधी टोमॅटो फळ आहे का भाजी ते ठरवावं लागेल. फळ असेल तर तो फलाहार झाला. भाजी असेल तर जेवण झालं. दोन्हीला सभेची मंजुरी पाहिजे."

"मग सभेत घ्या मंजुरी."

"सभा सुरू झाल्यावर घेता येईल. पण नाष्टा सभेच्या आधी असतो." आदर्शने चष्मा पुसला. "आणि दुसरं म्हणजे, ठराव तुमच्या विरुद्ध, खाऊ तुमचा. हे सभासदांना आमिष होतं की हो."

सरांच्या स्वाभिमानाला तडा गेला. आयुष्यात परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांनी कुणाला स्वल्पविरामसुद्धा सांगितला नव्हता, आणि आज त्यांच्यावर लाच देण्याचा आरोप! ते ताडकन उठले, आणि उठता उठता त्यांना सुचलं. "आमिष नव्हे, नमुना! ज्या वस्तूवर ठराव आहे ती वस्तू सभासदांनी तपासायला नको?"

आदर्शने बराच विचार केला. मुद्देमाल सभेपुढे ठेवायला उपविधींत कुठेच मनाई नव्हती. परवानगी मिळाली.

आता सल्ले. पहिल्या मजल्यावरच्या आहारतज्ज्ञ अंतरा म्हणाल्या, "मोड आलेली मटकी भरा, सर. मीठ घालू नका. मी मत तुम्हालाच देणार." जिन्यात उभा असलेला कुणीतरी म्हणाला की मटकी म्हटल्यावर वर फरसाण आणि कट पाहिजेच, न्हायतर ती मटकी कसली; कट तो घरूनच आणून देईल. तळमजल्यावरच्या आण्णांचे दात मागच्या वर्षीच गेले होते. त्यांनी दहीपोह्यांची मागणी केली आणि सरांचा हात धरून सांगितलं, "मऊ कर रे. आणि सूनबाईला सांगू नकोस मी मागितलं म्हणून." मेहमुदाभाभी, म्हणजे शमशुद्दीनभाईंच्या पत्नी, यांनी तर विचारलंच नाही. त्यांनी वाडगाभर हिरव्या मिरचीचा खर्डा करून आणून ठेवला. शेंगदाणे कमी, लसूण भरपूर आणि मिरच्या अशा की वाडग्याच्या झाकणाला घाम आला होता.

"पण भाभी, खर्डा तव्यावर भाजलेला आहे. आपलं ठरलं होतं कच्चं," सर चाचरत म्हणाले.

"टोमॅटो कच्चाच हाय की, भाईजान. आन् तवा आमचा हाय, तुमचा न्हाय," भाभी म्हणाल्या. हा युक्तिवाद पूर्णिमाबाईंनाही पटला.

सरांना कुणालाच नाही म्हणता आलं नाही. मतं गोळा करायची म्हटल्यावर नकार द्यायचा नसतो, एवढं राजकारण त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, ज्याला जे हवं ते त्याच्या टोमॅटोत.

शनिवारी संध्याकाळी दार वाजलं. बाहेर गणपतराव. त्यांनी आधी जिन्यात वर-खाली बघितलं, मग आत येऊन स्वतःच दार लावलं. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, हळू आवाजात बोलले.

"मास्तर, उद्या तुमी टोमॅटो देणार म्हणं."

"हो. म्हणजे, नमुना."

"माझ्यात जरा... गूळ-खोबरं भरा."

सरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. हा माणूस लग्नाच्या पंगतीत कच्च्या मिरच्या करकरा चावतो अशी ख्याती होती.

"डॉक्टरनं बंद केलंय सगळं," गणपतराव जमिनीकडे बघत म्हणाले. "तिखट गेलं की छातीत जाळ हुतोय. पण हे कुणाला कळता कामा न्हाय. चारचौघात माझी काय किंमत ऱ्हाईल? ठरावाचं ठरावात बघू. पण हे तेवढं तुमच्यामाझ्यात."

सरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. विरोधकाचं गुपित सांभाळण्यात जी भव्यता असते, ती त्यांना त्या रात्री जेवताना जाणवत राहिली.

रविवारी सकाळी कामाला सुरुवात झाली. टोमॅटो कोरायचा म्हणजे काय ते पुस्तकात सोपं असतं. सरांचे टोमॅटो गावरान होते, म्हणजे एकाचा आकार दुसऱ्याला ओळख देत नव्हता. कुणाला कंबर, कुणाला कुबड. चमचा जरा जोरात लागला की टोमॅटो दुसरीकडून फुटायचा. मीठ लावून ठेवलेल्यांनी पाणी सोडलं. ते पाणी ओट्यावरून खाली, आणि खालून सरांच्या धोतरावर. सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे भरलेला टोमॅटो सरळ उभा राहीना. ताटात ठेवला की लवंडायचा, आतलं बाहेर यायचं, आणि सर ते पुन्हा आत ढकलताना ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे. ते व्याकरणशुद्ध नव्हतं.

पूर्णिमाबाई दारात हाताची घडी घालून बघत होत्या. गॅसला त्या हात लावणार नव्हत्या, पण नवऱ्याचे हे हालही त्यांना बघवेनात. त्यांनी फळीवरून इडलीपात्र काढलं आणि समोर आदळलं. "ह्यात बसवा. खळगं हाय की."

टोमॅटो खळग्यांत असे बसले जणू इडलीपात्र त्यांच्यासाठीच घडवलं होतं. सरांना बायकोचा इतका अभिमान वाटला की ते 'शाब्बास' म्हणून गेले, आणि बाईंनी 'मी काय तुमची विद्यार्थिनी न्हाय' म्हणून तो परत केला.

आता खुणा. सरांनी पद्धतशीर काम केलं. खर्ड्याच्या टोमॅटोवर कोथिंबिरीचं पान, मटकीवर कांद्याची चकती, दहीपोह्यांवर डाळिंबाचा दाणा, आणि गुळ-खोबऱ्याच्या एकुलत्या एका टोमॅटोवर काहीच नाही. त्याची झाकणी तेवढी लावली, बाकी उघडे. मग ते धोतर बदलायला गेले.

ते बाहेर आले तेव्हा पूर्णिमाबाईंनी सगळ्या टोमॅटोंना झाकण्या लावल्या होत्या आणि सगळ्यांवर सारखी कोथिंबीर पेरली होती.

"हे काय केलंस?"

"उघडंबोडकं दिसत हुतं. चार माणसांत न्यायचं तर जरा नीटनेटकं नगं?"

सरांनी इडलीपात्राकडे बघितलं. सगळे टोमॅटो एकाच वर्गातल्या, एकाच गणवेशातल्या मुलांसारखे त्यांच्याकडे बघत होते. ओळख परेड घ्यायला वेळ नव्हता. खाली पार्किंगमधून आदर्शचा आवाज आला, "सर, कोरम झालाय!"

पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली होती. स्कूटर्स बाजूला सरकवल्या होत्या. गणपतराव खुर्चीत, बाकीचे खाली. सरांनी वाटप सुरू केलं. वास घेऊन ओळखायचा प्रयत्न केला, पण खर्ड्याच्या लसणाने साऱ्या इडलीपात्रावर आपला हक्क सांगितला होता. गणपतरावांसमोर ते घुटमळले. मग जो टोमॅटो त्यांना सगळ्यात गोड स्वभावाचा वाटला, तो त्यांनी उचलून दिला. गणपतरावांनी डोळ्यानेच विचारलं. सरांनी डोळ्यानेच 'हो' म्हटलं, कारण 'बहुधा' हे डोळ्याने म्हणता येत नाही.

पहिली दाद आण्णांची आली. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले, आणि त्यांच्या बिनदाताच्या तोंडावर लहान बाळासारखं हसू पसरलं. साखर बंद झाल्यापासून त्यांना गूळ बघायलाही मिळाला नव्हता. त्यांच्या ओठाला लागलेलं खोबरं सरांनी बघितलं. गूळ आण्णांकडे आहे. मग गणपतरावांकडे काय आहे?

शमशुद्दीनभाईंनी आपला टोमॅटो चावला आणि तोंड वाकडं केलं. "सर, बिनमिठाची मटकी? मी काय दवाखान्यात ॲडमिट हाय व्हय?" अंतरांच्या वाट्याला फरसाण आणि कट आला होता. त्यांनी आजूबाजूला बघितलं, पाठ फिरवली आणि तो पूर्ण संपवला.

"आवो मास्तर, तिखट-बिखट हाय का न्हाय ह्यात?" गणपतराव सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी निर्धास्तपणे गरजले. "का बायकांपोरांचं केलंय? कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचं भ्या दावू नका!" आणि सरांनी 'थांबा' म्हणायच्या आत त्यांनी अख्खा टोमॅटो तोंडात टाकला.

काही क्षण काहीच झालं नाही. मग गणपतरावांची मिशी हलली. मिशीमागून चेहऱ्याचा रंग बदलत गेला, आणि शेवटी तो टोमॅटोपेक्षा गडद झाला. मेहमुदाभाभी समाधानाने बघत होत्या. आपला खर्डा त्यांनी लांबूनच ओळखला होता.

आदर्शला यातलं काही दिसलं नाही. तो ठराव वाचत होता. "...तरी गच्चीवरील कुंड्या आहेत तशाच राहाव्यात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

गणपतरावांना बोलता येत नव्हतं. पाणी हवं होतं. त्यांनी हात वर केला. नुसता वर नाही, जोरजोरात हलवला.

सभा थक्क झाली. ज्याने नोटीस लावली तोच कुंड्यांच्या बाजूने!

"आन् बगा," शमशुद्दीनभाई भारावून म्हणाले, "डोळ्यात पाणी आलंय चेअरमनच्या!"

खरोखर दोन्ही गालांवरून धारा लागल्या होत्या. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांचे हात वर गेले. ज्यांनी खर्डा खाल्ला होता त्यांचे पाण्यासाठी, बाकीच्यांचे अध्यक्षांकडे बघून. आदर्शने कुंड्या राहू देण्याचा ठराव एकमताने मंजूर असं लिहून टाकलं.

सर मात्र पेचात पडले होते. 'पाणी द्या' म्हणून ओरडावं तर दिलेला शब्द मोडतो. न ओरडावं तर हा माणूस खुर्चीतच राहतो. शेवटी त्यांनी तांब्या उचलला, वर्गात शिरावं तसे ताठ चालत गेले आणि खड्या आवाजात म्हणाले, "अध्यक्षांचा कंठ दाटून आला आहे. मी त्यांच्या वतीने सभेचे आभार मानतो." तोवर गणपतरावांनी तांब्या तोंडाला लावून रिकामा केला होता.

संध्याकाळी सर गच्चीवर टोमॅटोंना आणि कोपऱ्यातल्या मिरचीच्या रोपाला पाणी घालत होते. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता. जिन्यावर जड पावलं वाजली. सरांनी झारी खाली ठेवली, चष्मा काढून खिशात घातला. मार बसलाच तर चष्मा वाचावा.

गणपतराव आले आणि पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले.

"माझं चुकलं," सर म्हणाले. "खुणा पुसल्या गेल्या."

"असूंद्या. बायकू म्हणती, आज बिल्डिंगमधी माझं लई नाव झालंय. मन मोठं म्हणं माझं." त्यांनी सुस्कारा सोडला. "मास्तर, एक सांगू? हॉलात ओल-बिल काय न्हाय."

"म्हणजे?"

"तुमी पिशव्या भरून टोमॅटो देताय. आमची ही रोज ठेचा करती टोमॅटोचा, मिरच्या घालून. मला म्हंती, खावा, तुमच्या आवडीचा. न्हाई कसं म्हणू? तिलाबी ठाऊक न्हाय डॉक्टरचं. म्हटलं, झाडंच गेली तर ठेचा जाईल." त्यांनी जवळच्या कुंडीतलं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाले, "पिशवी देऊ नका. कुंड्यांचं मी बघतो. हयात असंपर्यंत कुणी हात लावणार न्हाय."

सरांना त्यांच्या नोटिशीवर मारलेल्या लाल रेघा आठवल्या आणि मनातून ओशाळल्यासारखं झालं. ते खाली गेले, उरलेलं गूळ-खोबरं वाटीत घालून वर घेऊन आले.

"टोमॅटो नको," गणपतराव घाबरून म्हणाले.

"नाही. नुसतंच आहे."

त्या सहा फुटी माणसाने वाटी गुडघ्यावर ठेवली आणि बोटाने चाटत चाटत, मिशीला खोबरं लावून घेत खायला सुरुवात केली. सर शेजारी बसले. रंकाळ्याकडून वारा येत होता.

तेवढ्यात जिन्यातून शमशुद्दीनभाईंचा आवाज आला. "कोण हाय वर? सर, चेअरमन दिसलं काय?"

गणपतराव दचकले. वाटी सरांच्या हातात कोंबली, मिशी पुसली, आणि कोपऱ्यातल्या रोपावरची हाताला लागेल ती हिरवी मिरची तोडून मुठीत धरली.

"हितं हाय! मिरच्या बगाय आलतो!"

शमशुद्दीनभाई वर आले. मिरची बघून त्यांचे डोळे चमकले. "मग खावा की एक! सकाळी खर्ड्यानंबी तुमचं पोट भरलं नसंल!"

गणपतरावांनी सरांकडे बघितलं. सकाळचं ते आभारप्रदर्शन सोडलं तर उभ्या आयुष्यात सर खोटं बोलले नव्हते, निदान पूर्ण वाक्यात तरी नाही. त्यांनी वाटी धोतरामागे लपवली, पुढे होऊन गणपतरावांच्या मुठीतून मिरची काढून घेतली आणि म्हणाले, "खाऊ देणार नाही. या बियाण्यासाठी राखून ठेवल्या आहेत. अध्यक्ष असले म्हणून काय झालं, माझ्या बागेतली मिरची परवानगीशिवाय तोडायची नाही."

"बगा की," गणपतराव शमशुद्दीनभाईंना म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा तळमजल्यापर्यंत जाईल इतका मोठा झाला होता. "मास्तर लई कडक हायत! खायचीच इच्छा हुती, पर सोडत्यात कुटं?"